जबड्याचा सांधा: कोणता फोटो, कशासाठी?

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून तोंड उघडलं की बोटाखाली एक गोळा सरकताना लागतो. तोच जबड्याचा सांधा. त्याच्या तपासण्यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : जांभई देताना आणि भाकरी चावताना उजव्या कानापुढे 'कट्' आवाज येतो. पाच-सहा वर्षं झाली, दुखत मात्र नाही. ओपीजी (सगळ्या जबड्याचा एकच सपाट एक्स-रे) काढला, त्यात काही निघालं नाही. आता एमआरआय करावा का? (वाचिका, नाशिक)

उत्तर : नको. ओपीजीत काही निघणारच नव्हतं, कारण त्यात हाड दिसतं आणि तुमचा आवाज हाडाचा नाही. खालच्या जबड्याचं वरचं टोक (कॉन्डाइल) आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते, मध्ये पातळ आणि पुढच्या-मागच्या कडांना जाड. ती पुढे सरकली असेल तर तोंड उघडताना कॉन्डाइल तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून पातळ भागाखाली येतं. तो 'कट्'. मिटताना ते परत मागे घसरतं, तेव्हा कधी कधी दुसरा, हलका आवाज येतो.

जबड्याची काहीच तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी साधारण तिघांत एकाची चकती जागेवरून हललेली दिसते. म्हणजे तुमच्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडेल, आणि सापडलं की त्यावर उपचार करावासा वाटेल. न दुखणाऱ्या आवाजाला त्याची गरज नाही.

त्यापेक्षा घरची मोजपट्टी घ्या. तोंड पूर्ण उघडून वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्यांवर जेवढे चढतात तेही त्यात मिळवा. बेरीज 40 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. मात्र एखाद्या दिवशी आवाज अचानक थांबला आणि तोंड 25-30 मिलिमीटरच उघडू लागलं, हनुवटी उजवीकडे ओढली जाऊ लागली, तर 'बरं वाटलं' म्हणून गप्प बसू नका. चकती पुढे अडकल्याची ती खूण आहे, आणि एमआरआय कामाचा ठरतो तो अशा वेळी.

प्रश्न : आईचं वय 64. जबड्यातून करकर आवाज येतो, चावताना दुखतं. एका डॉक्टरांनी ओपीजी पुरे म्हटलं, दुसऱ्यांनी सीबीसीटी (दात-जबड्यांचा त्रिमितीय एक्स-रे) सांगितला. रेडिएशनची भीती वाटते. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी हे पाहून घ्या की गालाचा किंवा कानशिलाचा स्नायू दाबल्यावर 'हेच ते दुखणं' असं आई म्हणतात का. तसं असेल तर दुखणं किमान काही अंशी स्नायूचं आहे, आणि ते कोणत्याही फोटोत दिसत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 'डीसी/टीएमडी' या जबड्याच्या दुखण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही स्नायूदुखी आणि सांधेदुखीचं निदान विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी यांवरच होतं.

करकर मात्र खडबडीत पृष्ठभाग घासल्याची असते, म्हणून हाड पाहण्यात अर्थ आहे. ओपीजीत सांधा तिरका येतो, त्यावर गालाच्या हाडाची सावली पडते. मोठं मोडणं-झिजणं तेवढं कळतं. सीबीसीटी मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत बारकावे दाखवतो : सपाट झालेलं टोक, कुरतडलेली कड, हाडाला फुटलेली चोच, आतल्या पोकळ्या. चकती त्यातही दिसत नाही.

रेडिएशनच्या मात्रेचं म्हणाल तर ओपीजीला साधारण 10 ते 25 मायक्रोसिव्हर्ट (मात्रेचं एकक). सीबीसीटीचा आकडा किती भाग टिपला यावर ठरतो आणि तो काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2,400 मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तेव्हा भीती नको, पण 'फक्त दोन्ही सांधे, पूर्ण चेहरा नको' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. यंत्र फिरतं त्या 10-20 सेकंदांत आवंढा गिळला किंवा मान हलली तर हाडाची कड दुहेरी उमटते आणि ती झिजेसारखी भासते. हात-मान थरथरत असेल तर साधा सीटी बरा.

रिपोर्टमधल्या झिजेवरून दुखणं किती ते ठरवू नका. दुखणं शमल्यावरही वेडंवाकडं हाड तसंच राहतं.

प्रश्न : तोंड अडकतं म्हणून एमआरआय केला. रिपोर्ट 'डिस्क डिस्प्लेसमेंट विदाउट रिडक्शन' असा आहे, पण सगळे फोटो तोंड मिटूनच काढले. चालेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. 'विदाउट रिडक्शन' म्हणजे तोंड उघडल्यावरही चकती जागेवर येत नाही. उघड्या तोंडाचा फोटो नसताना हे लिहिता येतच नाही. फोटो पुन्हा मागा.

तपासणी नीट झाली का हे ओळखायच्या खुणा अशा. छोटी सरफेस कॉइल (सिग्नल टिपणारा, त्वचेला टेकवायचा भाग) दोन्ही सांध्यांवर हवी. नुसत्या डोक्याच्या कॉइलमध्ये चकती पुसट येते. यंत्र 1.5 टेस्लाचं की 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यापेक्षा कॉइलकडे आम्ही आधी पाहतो. कॉन्डाइल आतल्या बाजूला तिरकं वळलेलं असतं, म्हणून काप (थराथराने घेतलेली चित्रं) डोक्याच्या सरळ रेषेत न घेता प्रत्येक बाजूच्या कॉन्डाइलच्या लांब अक्षाला काटकोनात घ्यायचे. काप 3 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. चकती कुठे आहे हे प्रोटॉन डेन्सिटीच्या चित्रांत कळतं, सांध्यात पाणी झालंय का ते टी-2 मध्ये (हे दोन्ही एमआरआय चित्रांचे प्रकार). चकती एका बाजूलाही घसरते, म्हणून समोरून घेतलेले कापही लागतात.

उघड्या तोंडासाठी दातांत आधार देतात. साध्या प्लास्टिकच्या सिरिंजचं नळकांडंही चालतं, धातूचं काही नको. आधाराशिवाय काही मिनिटं तोंड उघडं धरलं की जबडा थरथरतो आणि चित्र फुकट जातं. दुखत नाही तेवढंच, पण शक्य तितकं उघडा. जेमतेम 15 मिलिमीटर उघडून काढलेल्या फोटोत अडकणारी आणि न अडकणारी चकती सारखीच दिसू शकते. जाताना तोंड किती उघडतं ते चिठ्ठीवर लिहून न्या.

दातांना स्टीलची तार असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टकडून (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडून) त्या दिवसापुरती काढून घ्या. टायटॅनियमचे इम्प्लांट चित्र कमी बिघडवतात. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र किंवा मेंदूतली क्लिप असेल तर वेळ ठरवतानाच सांगा.

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा. तोंडात दोनच बोटं जातात. सांधा दुखत नाही. तिखट मात्र झोंबतं. सीटी करावा का? (वाचक, अकोला)

उत्तर : आधी विचारा, सुपारी, खर्रा किंवा गुटखा खातो का. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. गालाच्या आतून बोट फिरवल्यावर ताठ दोऱ्या लागत असतील, त्वचा पांढुरकी असेल, तर दोष सांध्यात नाही. तो सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होण्याचा आजार आहे. सीटीचा खर्च वाचवा आणि मुखरोगतज्ज्ञांना दाखवा. यातून कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे उशीर नको.

लहानपणी हनुवटीवर पडला असेल किंवा कान फुटून वाहत असेल, आणि तेव्हापासून तोंड हळूहळू मिटत आलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सांध्याचं हाड जुळून आल्याची शंका असते आणि सीटी हवाच, तोही त्रिमितीत. जुळलेलं हाड आतल्या रक्तवाहिन्यांच्या किती जवळ आहे हे शल्यविशारदाला आधी माहीत असावं लागतं.