रेनेसाँमधला ‘मानवतावादी’ नेमका कोण?

प्रश्न असा आहे. एका वाचकाच्या मुलीच्या इतिहासाच्या टिपणांत वाक्य आहे : ‘प्रबोधनकाळात मानवतावाद आणि श्रीमंत घराण्यांचा आश्रय यांमुळे कला व साहित्य बहरले.’ (प्रबोधनकाळ म्हणजेच रेनेसाँ, साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकातला युरोप.) वाचक विचारतात, मानवतावाद म्हणजे माणुसकी, करुणा. मग लोक दयाळू झाले म्हणून चित्रं चांगली निघू लागली की काय? आणि पेढीवाल्या सावकारांचा माणुसकीशी संबंध कसा? शब्द चुकला आहे की वाक्य?

माझ्या मते शब्द चुकला आहे. आणि ही गफलत मराठीत सुरू झालेली नाही, ती लॅटिनइतकी जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये औलुस गेल्लिउस नावाचा एक लेखक होऊन गेला. वाचनाची टिपणं काढून ठेवणारा, शब्दांवर जीव असलेला माणूस. त्याने ‘हुमानितास’ या शब्दावर एक छोटं प्रकरणच लिहिलं आहे. तो म्हणतो, हल्ली लोक हा शब्द सगळ्यांशी प्रेमाने वागणं, ग्रीक भाषेतलं ‘फिलान्थ्रोपिया’, या अर्थी वापरतात. पण ज्यांनी ही भाषा नीट वापरली त्या वार्रो आणि सिसेरोसारख्या जुन्या रोमन लेखकांच्या लेखी तो ‘पायदेइया’ होता, म्हणजे विद्या आणि तिचा संस्कार. सगळ्या प्राण्यांत विद्येची ओढ एकट्या माणसाला दिलेली आहे, म्हणून तिचं नाव हुमानितास. वाचकांना आज जी अडचण आली तीच गेल्लिउसला अठराशे वर्षांपूर्वी आली होती!

इटलीतल्या पंडितांनी हा शब्द उचलला तो विद्या या अर्थाने. १३३३ साली पेत्रार्क या इटालियन कवीला आजच्या बेल्जियममधल्या लिएज गावी सिसेरोचं एक विस्मृतीत गेलेलं भाषण सापडलं. आर्किआस नावाच्या कवीच्या नागरिकत्वासाठी केलेल्या या भाषणात ‘स्तुदिया हुमानितातिस’ हे शब्द येतात. पुढच्या शतकात ते एका अभ्यासक्रमाचं नाव झालं. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र असे त्यात पाच विषय. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक हे त्याबाहेरचे. विद्यापीठांतल्या बोलीत कायदा शिकवणाऱ्याला ‘लेजिस्ता’ म्हणत, त्याच चालीवर हे पाच विषय शिकवणारा तो ‘उमानिस्ता’. आपल्याकडे न्यायशास्त्राचा नैयायिक, व्याकरणाचा वैयाकरण, मीमांसेचा मीमांसक, तसाच हा शब्द. नैयायिक म्हणजे न्यायाने वागणारा असं आपण कधी समजत नाही. मग उमानिस्ता म्हणजे माणुसकीने वागणारा, असं तरी का समजावं?

यातला ‘वाद’ तर फारच उशिरा आला. ‘हुमानिसमुस’ हा शब्द १८०८ मध्ये नीटहामर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने शाळांतल्या ग्रीक-लॅटिन शिक्षणाची बाजू मांडताना घडवला. पेत्रार्कच्या कानावर तो कधी पडलाच नव्हता. पुढे त्याला माणूस केंद्रस्थानी ठेवणारं तत्त्वज्ञान असा अर्थ आला, आणि मराठीतला ‘मानवतावाद’ त्या अर्थाचा भाषांतरित शब्द आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या ‘नवमानवतावादा’त तो चपखल बसतो. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्स या इटालियन नगरराज्याला तो लावला की मात्र घोटाळा होतो. आपल्या महाविद्यालयांत ‘मानव्यविद्या’ हा शब्द रुळलेला आहेच. त्या काळाबद्दल लिहिताना मी तोच वापरतो, आणि उमानिस्ताला ‘मानव्यपंडित’ म्हणतो.

शब्द बदलला की पैशाचा धागाही सापडतो. करुणेला खर्च येतोच असं नाही, विद्येला येतो. पोथ्या शोधायला आल्प्सपलीकडच्या मठांत माणसं पाठवावी लागत, लेखनिक बसवावे लागत, ग्रीक शिकवणारा मिळत नसे. १३९७ साली फ्लॉरेन्सने मानुएल ख्रिसोलोरास या गुरूला कॉन्स्टँटिनोपलहून पगार देऊन आणवलं. त्यामागे कोलुच्चो सालुताती होता, नगरराज्याचा मुख्य चिटणीस आणि स्वतः मानव्यपंडित. योगायोगाने त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या मेदिची या सावकार घराण्याची पेढी उभी राहिली. निक्कोलो निक्कोली या ग्रंथवेड्याने सुमारे ८०० हस्तलिखितं जमवली आणि १४३७ मध्ये कर्ज ठेवून तो वारला. कोझिमो दे मेदिचीने ते कर्ज निस्तरलं, पोथ्या ताब्यात घेतल्या आणि त्यांतल्या सुमारे ४०० सान मार्कोच्या मठात वाचकांना खुल्या केल्या. ग्रंथविक्रेता व्हेस्पासिआनो सांगतो की, हा मठ दुरुस्त करण्यामागे कोझिमोची टोचणी होती : आपल्या संपत्तीतला काही भाग सरळ मार्गाने आलेला नाही. व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप. पोपने त्याला १०,००० फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) खर्च करायला सांगितलं, त्याने ४०,०००च्या वर केले.

सावकाराच्या मनातल्या या पापभावनेवर उतारा म्हणून पंडितांनी एक शब्द दिला, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा शब्द आहे : ‘मान्यिफिचेन्त्सा’. लॅटिन घटक पाहिले तर ‘मोठं करणं’. ॲरिस्टॉटलने सांगितलेला हा सद्गुण म्हणजे मोठ्या कामी, शोभेल असा मोठा खर्च करणं. मराठीत याला शब्द सापडत नाही. ‘दानशूर’ देऊन मोकळा होतो, ‘उधळ्या’ काहीच उभं करत नाही, ‘सढळ हात’ जवळ जातो पण त्यात मागे काही उरण्याची अट नाही. मला तरी ‘महाव्यय’ असा शब्द करावासा वाटतो. कुणाला बरा सुचला तर आनंदच आहे. आधीच्या पिढ्यांतले कित्येक साधू-उपदेशक गरिबीचे गोडवे गात होते. आता पंडित सांगू लागले की श्रीमंती स्वतः पाप नाही, ती शहराच्या शोभेसाठी खर्च झाली की गुण ठरते. जोव्हान्नी रुचेल्लाई या कापड-व्यापाऱ्याने सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चची दर्शनी भिंत बांधून देऊन तिच्यावर १४७० या सालासह आपलं नाव ठळक रोमन अक्षरांत कोरवलं, ते याच विचारातून. पैसा सावकाराचा, पण तो कसा खर्चावा ही कल्पना पंडिताची.

‘आश्रय’ हा शब्दही जरा जपून वापरावा. त्याने डोळ्यांपुढे दरबार आणि बक्षीस देणारा राजा उभा राहतो. फ्लॉरेन्समध्ये बराचसा व्यवहार करारावर चाले, आणि पैसा देणाऱ्यांत व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, हेही होते. (‘श्रेणी’ हा आपला जुना शब्द, नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहे.) रेशीम-श्रेणीने तिथे अनाथ बालकांसाठी एक आश्रम बांधला. माणुसकी शोधायचीच असेल तर ती इथे आहे. त्या आश्रमासाठी चित्रकार गिर्लांदायोशी १४८५ मध्ये करार झाला : मोबदला ११५ फ्लोरिन, रंगांचा खर्च चित्रकाराचा, आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचा ‘अल्ट्रामरीन’च हवा. या शब्दाचा अर्थ ‘समुद्रापलीकडचा’. तो रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडापासून होई. फारसीत तो लाजवर्द, संस्कृतात राजावर्त. लाजवर्दचा सुरुवातीचा ‘ल’ इटालियन उपपद समजून गळला आणि ‘आझ्झुर्रो’ झाला. मेरीमातेच्या निळ्या वस्त्रात किती व्यापार विणलेला आहे!

विचारांच्या बाबतीत एकच उदाहरण देतो, कारण ते शब्दप्रेमींचंच आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिल्याचा एक दस्तऐवज होता. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला या मानव्यपंडिताने तो बनावट असल्याचं मुख्यतः भाषेवरून दाखवलं. चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या रोमच्या लेखात ‘सात्राप’ हा पूर्वेकडच्या सुभेदारांचा शब्द कसा आला, असं तो विचारतो. व्हालाला पोसणारा राजा आल्फोन्सो त्या वेळी पोपशी नेपल्सवरून भांडत होता, हेही लक्षात ठेवायला हवं. पण राजाच्या गरजेतून निघालेला पुरावा राजाच्या भांडणानंतरही खराच राहिला.

राहिला ‘प्रबोधन’. १५५० मध्ये व्हासारी या चित्रकार-लेखकाने कलांबद्दल ‘रिनाशिता’, म्हणजे पुनर्जन्म, असं म्हटलं. इतिहासकार मिशलेने १८५५ मध्ये आणि बुर्कहार्टने १८६० मध्ये ‘रेनेसाँ’ हे सगळ्या कालखंडाचं नाव म्हणून रूढ केलं. आपलं ‘प्रबोधन’ म्हणजे जागं करणं. ते अठराव्या शतकातल्या युरोपीय विचारांनाही वापरतात, त्यामुळे दोन काळ एकमेकांत मिसळतात. ‘पुनरुज्जीवन’ अर्थाने जवळचं, पण ‘पुनरुज्जीवनवाद’ म्हटलं की मराठीत जुन्या धर्मरूढींकडे परतणं मनात येतं. मी रेनेसाँ असंच लिहितो. परीक्षेत मात्र मुलीने पुस्तकातला शब्दच लिहावा. तिच्या वहीसाठी वाक्य असं सुचवीन : ‘रेनेसाँच्या काळात मानव्यविद्येने प्राचीन ग्रंथ व कल्पना पुन्हा हाती दिल्या, आणि व्यापारातल्या पैशाने त्यांतून ग्रंथालयं, चित्रं, इमारती उभ्या केल्या.’

या गोष्टीचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो. मेदिची पेढीचा मुख्य कारभारी होता फ्रान्चेस्को सास्सेत्ती. त्याच घराण्यातला फिलिप्पो सास्सेत्ती हा मानव्यविद्या शिकलेला फ्लॉरेन्सचा व्यापारी मिरीच्या व्यवहारासाठी १५८३ मध्ये कोचीनला आला. मिरीच्या जोडीला त्याने संस्कृतची चौकशी केली आणि घरच्या पत्रांत लिहिलं की, तिथले कित्येक शब्द आपल्या भाषेत आहेत : सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोव्हे, सर्प–सेर्पे, देव–दिओ. १५८८ साली तो गोव्यात वारला.