चारमथच्या किनाऱ्यावरील दगडी ‘गोळी’ आणि सोनेरी चक्र

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. डॉर्सेटमधील चारमथच्या किनाऱ्यावर मुलांना बंदुकीच्या गोळीसारखा करंगळीएवढा दगड आणि रुपयाएवढे सोनेरी चक्र सापडले. हे जीवाश्म आहेत का?

उत्तर : वर्णनावरून दोन्ही जीवाश्मच दिसतात. गोळीसारखा दगड म्हणजे बेलेम्नाइट, अर्थात आपल्या माकलीसारख्या एका प्राण्याच्या शरीरातील कठीण भाग. त्याच्या तुटलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिल्यास मध्यापासून कडेकडे गेलेल्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा दिसतील आणि मग शंका उरणार नाही. चक्र हे अॅमोनाइट, म्हणजे माकलीच्याच नात्यातील एका नामशेष सागरी प्राण्याचा शंख असावा. गोगलगाईच्या शंखाचे वेढे वर चढत जातात, याचे मात्र एकाच प्रतलात राहतात. देव्हाऱ्यातील शाळिग्रामात दिसणारे चक्रही याच कुळातले, हे मुलांना अवश्य सांगा. तेथील खडक सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सोनेरी रंग मात्र सोन्याचा नव्हे (निराश होऊ नये), तो पायराइटचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या एका चमकदार खनिजाचा आहे. ओलाव्याने त्याची भुकटी होते, म्हणून चक्र गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. पुढच्या वेळी ओहोटी सुरू असताना जावे आणि सुट्या गोट्यांतच शोधावे, कारण तेथील कडे वारंवार ढासळतात.