होळकरांच्या दौलतीची वाटणी, बटवारा की फाळणी?

इंदूरचे एक वाचक कथा लिहीत आहेत. 1797 साली तुकोजी होळकर वारले तेव्हा काशीराव, मल्हारराव, यशवंतराव आणि विठोजी हे त्यांचे चौघे मुलगे न लढता राज्य वाटून घेतात, अशी कल्पना. त्यांचा प्रश्न: याला 'बटवारा' म्हणावं, 'फाळणी' की 'विभाजन'?

माझं उत्तर: वाटणी. आणि तीही राज्याची नव्हे, दौलतीची.

'बटवारा' इंदुरात हिंदीतून सहज तोंडी येतो. पण मराठीत 'बटवडा' म्हणजे ज्याचं त्याला पोचतं करणं: पगाराचा बटवडा, टपालाचा बटवडा. 'फाळणी' म्हटलं की 1905चा बंगाल आणि 1947 आठवतं. रेघ वरची सत्ता ओढते आणि सोसायची खालच्यांनी. 'विभाजन' जिल्ह्याचं होऊ द्या. भाऊ बसून हिस्से ठरवतात ती वाटणी, आणि तिचा कागद ते वाटणीपत्र.

आज 'दौलत' म्हणजे पैसाअडका. पेशवाईत मात्र 'शिंद्यांची दौलत', 'होळकरांची दौलत' म्हटलं की मुलूख, फौज, महसूल सगळं त्यात आलं. होळकरांच्या बाबतीत हा शब्द अधिकच नेमका आहे, कारण दौलतीहून वेगळी 'खासगी' होती. 1734 मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी होळकर दौलतीचे संस्थापक थोरले मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंना स्वतंत्र उत्पन्न लावून दिलं, ती ही खासगी. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. भावांच्या वाटणीपत्रात खासगीची गावं घातलीत तर जाणता इंदूरकर तिथेच पुस्तक मिटेल.

'गादीची वाटणी' असंही लिहू नका. गादीवर एकच बसतो, बाकीच्यांना नेमणूक मिळते, म्हणजे बांधून दिलेली रक्कम. दोघांनीही राजे व्हायचं असेल तर त्याचा शब्द इंदूरपासून जेमतेम 35 किलोमीटरवर आहे: पाती. देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशांची दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. पाती म्हणजे हिस्सा. पातीदार म्हणजे हिस्सेदार. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचा अंमल, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचा. 1948 मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे असंच चाललं. म्हणजे तुमची कल्पना माळव्याच्या मातीला मुळीच परकी नाही. 'काशीरावांची थोरली पाती' हे शब्द कथेत आले की वाचकाला वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही.

खरा पेच पुढे आहे. यशवंतराव आणि विठोजी लग्नाच्या बायकोचे नव्हते. अशा मुलाला त्या काळी 'लेकावळा' म्हणत. ऐकायला कठोर आहे, पण काशीरावांच्या कारभाऱ्याच्या तोंडी हाच शब्द यायला हवा. 'अनौरस' तिथे फार सोवळा वाटेल. प्रत्यक्षात वाटणी झालीच नाही. त्याच 1797 मध्ये शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांना पुण्यात मारलं, आणि 1801 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजींना तिथेच हत्तीच्या पायी दिलं. तुमच्या कथेत हे टळायचं असेल तर चौघांच्या बैठकीत कारभारी लेकावळ्यांसाठी नेमणूक पुढे करील, आणि यशवंतरावांनी तिथेच म्हणायला हवं: "नेमणूक नको, पाती द्या."