इतकं सगळं तिला कुठून माहीत?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की प्रश्न करिअरचाच आहे. मुलगी २१ वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, सहा महिने रात्री दोन दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर, घरच्यांना वाटलं अभ्यास चाललाय आणि निघाली कादंबरी, तीही प्रेमकथा. आता म्हणते परीक्षा देणार नाही, फुलटाइम रोमान्स लिहिणार. यात पैसा आहे का, भविष्य आहे का, तिला कसं समजवायचं, असं सगळं तुम्ही विचारलंय. पण अगदी शेवटी, सही झाल्यावर, एक ओळ आहे. 'मॅडम, इतकं सगळं तिला कुठून माहीत?' झोप कशाने उडालीय ते तिथे कळलं.

मग आधी तेच घेऊ.

ती घरी नसताना तुम्ही लॅपटॉप उघडून चाळीस पानं वाचलीत आणि वाचून झाल्यावर पहिला विचार हा की यातला मुलगा कोण. आता तिने खुनाची गोष्ट लिहिली असती तर तुम्ही घरात प्रेत शोधलं असतं का? नाही ना. प्रेमकथा म्हटलं की मात्र सगळ्यांना वाटतं हे स्वतःचंच असणार. थोडं असतंही, नाही म्हणत नाही. पण लिहिणारी माणसं बहुतेक माल इकडून तिकडून उचलतात, मैत्रिणीचा ब्रेकअप, लग्नाला पन्नास वर्षं झालेली आजी आजोबांवर कशी चिडते ते, बसमध्ये मागच्या सीटवर कोणीतरी हळू आवाजात भांडत होतं ते, आणि मग त्याला 'असं झालं असतं तर' जोडत बसतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय की गोष्टीतला नायक रागावला की काही न बोलता भांडी घासायला लागतो, आणि पुढे लगेच, 'मीही तसंच करतो पण ते जाऊ द्या.' जाऊ कशाला द्या दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच तर आहे! वीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय की माणसं राग कसा काढतात आणि माया कशी लपवतात.

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनचं नाव ऐकलं असेल. 'प्राइड अँड प्रेजुडिस'चा पहिला खर्डा तिने १७९६-९७ मध्ये लिहिला, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयात. लग्न तिने शेवटपर्यंत केलं नाही. आणि तो खर्डा छापाल का असं लंडनच्या प्रकाशकाला पत्र कोणी लिहिलं माहितीये, तिच्या वडिलांनी. प्रकाशकाने न वाचताच उलट टपाली नकार दिला, पुस्तक यायला १८१३ उजाडलं, ते वेगळं. दुसरी जॉर्जेट हेयर, तीही इंग्लंडचीच प्रेमकथा लिहिणारी, हिने आजारी भावाचं मन रमावं म्हणून एक गोष्ट रचली, वडिलांना ती आवडली, म्हणाले छापायचं बघ, आणि १९२१ मध्ये तिची पहिली कादंबरी आली तेव्हा ती १९ वर्षांची होती. दोघींच्याही वडिलांचं नाव जॉर्ज, हा आपला योगायोग.

आता भविष्याचं. रोमान्सला आपल्याकडे जरा नाक मुरडतात, आणि वाचतात मात्र सगळे. मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ मध्ये लंडनला सुरू झाली तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, १९३० च्या दशकात ती प्रेमकथांवरच स्थिरावली आणि त्यावरच टिकली, पुढे १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विन या प्रकाशन कंपनीने ती घेतली. म्हणजे धंदा म्हणून हे शंभर वर्षं चाललेलं दुकान आहे. अटी दोनच. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट वाचकाला समाधान आणि आशा देणारा हवा. लोक म्हणतात मग त्यात काय कठीण, शेवट तर माहीतच असतो. अहो तेच तर कठीण! शेवट माहीत असलेल्या वाचकाला तीनशे पानं जागं ठेवायचंय.

म्हणून हे पुढचं तिला वाचायला द्या, किंवा तुम्हीच सांगा.

अगं, दोघं भेटतात आणि आवडतात हे पहिल्या दोन प्रकरणांत होऊन जातं, खरी कादंबरी असते ती 'मग अडतंय कुठे' याची. नवीन लिहिणारे इथे गैरसमज टाकतात, तिने त्याला कुणाबरोबर तरी बघितलं आणि निघून गेली, असलं काहीतरी. एका फोनवर मिटेल अशा गोष्टीवर पुस्तक उभं राहत नाही. अडचण माणसाच्या आत पाहिजे, म्हणजे त्याला जे हवंय तेच घ्यायची त्याला भीती वाटली पाहिजे, आणि ती भीती का, ते त्याच्या आधीच्या आयुष्यात सापडलं पाहिजे. बाहेरची अडचण, नोकरी, घरचे, दुसरं शहर, ती वरून येऊ दे, पण आतली नसेल तर मधली शंभर पानं लोंबकळतात. तुझं लिखाण चाळीसाव्या पानावर थांबलंय असं कळलं. माझा अंदाज आहे की याच जागी थांबलंय, सुरुवातीचा दारूगोळा संपतो तो साधारण तिथेच. तेव्हा सुचण्याची वाट बघत बसू नकोस, त्या दोघांना प्रत्येकी एक पान पत्र लिहायला लाव, एकमेकांना कधीच न पाठवायचं. पुस्तकात ते येणार नाही, पण काय अडलंय ते तुला कळेल.

संवाद लिहून झाला की मोठ्याने वाच, आणि त्यात कोणी मनातलं सगळं सरळ बोलून टाकत असेल तर निम्मं खोड. ज्याच्यावर जीव आहे त्याला माणूस 'जेवलास का' विचारतो, भाषण देत नाही.

आणि रोज ५०० शब्द. १०० दिवसांत ५०,००० होतात, छोट्या रोमान्स कादंबरीची लांबी साधारण तेवढीच असते. वाईट लिही पण पूर्ण कर, दुरुस्ती दुसऱ्या खर्ड्यात. भाग भाग करून ॲपवर टाकायचा मोह होईल, टाक हवं तर, प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला कसं अडकवायचं ते तिथे चांगलं शिकायला मिळतं, पण कमेंट वाचून नायक बदलायला लागलीस की संपलं. त्यापेक्षा पूर्ण झाल्यावर तीन जणांना दे आणि एकच विचार, कुठे कंटाळलात? आवडलं का विचारू नकोस, सगळे हो म्हणतात.

तर दादा, परत तुमच्याकडे. डिग्री सोडू नये हे माझं स्पष्ट मत आहे आणि ते तिलाही कळवा, पण 'लेखनाने पोट भरत नाही' असं सुनावून नको. पहिल्या पुस्तकावर घर चालणं क्वचित होतं आणि घर चालवायची घाई लागली की लिखाण बिघडतं, एवढाच हिशोब आहे. आपले ना. सी. फडके आयुष्यभर प्रेमकथा लिहीत राहिले, पण त्यांची प्राध्यापकीही होतीच. नोरा रॉबर्ट्स आज दोनशेच्या वर कादंबऱ्यांची लेखिका, तिने १९७९ च्या हिमवादळात दोन लहान मुलांसोबत घरात अडकून पडल्यावर वहीत लिहायला सुरुवात केली, मधे बरेच नकार आले, पहिलं पुस्तक १९८१ मध्ये निघालं. दोन वर्षं म्हणजे फार लवकरच म्हणायचं. तुमच्या मुलीची परीक्षा काही महिन्यांवर आहे, तेवढ्यात कादंबरी कुठे पळून जात नाही. शिवाय लिहिता येणाऱ्याला बाजूची कामंही मिळतात, ऑडिओ सिरीज, मालिकांचे संवाद, संपादन, भाषांतर, आणि ही सगळी कामं लिखाणाचा हात चालू ठेवतात.

पैशाचं थोडक्यात. प्रकाशक रॉयल्टी देतो, म्हणजे विक्रीतला ठरलेला वाटा, कधी आधी ॲडव्हान्स. स्वतः ईबुक काढलं तर वाटा मोठा असतो, ॲमेझॉनवर ठरावीक किमतीच्या पट्ट्यात ७० टक्क्यांपर्यंत आणि त्याबाहेर ३५, पण मग कव्हर, एडिटिंग, जाहिरात सगळं तुमच्या डोक्यावर. पुस्तक छापायला लेखकाकडेच पैसे मागणारा भेटला तर सावध व्हा, तो वाचकांच्या जिवावर नाही, लेखकांच्या जिवावर जगतो. आणि करारावर सही करताना तिच्या शेजारी बसा, इथे तुमचा खरा उपयोग आहे. ऑडिओ, भाषांतर, सिनेमा, कुठले हक्क किती वर्षांसाठी देतोय ते एकेक ओळ वाचा. मघाशी सांगितलेल्या ऑस्टिनबाईंनी 'प्राइड अँड प्रेजुडिस' ११० पौंडांना हक्कांसकट विकून टाकलं होतं, पुढच्या आवृत्त्यांचा नफा सगळा प्रकाशकाचा.

नातेवाईक काय म्हणतील असंही तुम्ही विचारलंय. टोपणनाव घेता येतं, या क्षेत्रात ते सर्रास चालतं, नोरा रॉबर्ट्स हेही टोपणनावच आहे. पण ते तिचं तिला ठरवू द्या, लाज म्हणून लादू नका.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुमच्या पत्राचं जवळजवळ एक पान त्या कादंबरीच्या कथानकाने भरलंय. त्याची बदली झालीय, तिला अजून कळलेलं नाही, ती त्याच्यासाठी छत्री घेऊन उभी आहे, आणि तुम्ही वैतागून लिहिलंय, 'तो तिला सांगतो की नाही ते पुढे लिहिलेलंच नाही!' मुलीची काळजी करायला बसलेला बाप असं लिहितो, म्हणजे चाळीस पानांत पोरीने तुम्हाला धरून ठेवलंय. ती किती मोठी लेखिका होईल ते मला सांगता येणार नाही, पण ही सुरुवात वाईट नाही.

मात्र न विचारता वाचलंत हे तिला सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगायचं, आईच्या तोंडून नको. मुलगा कोण ते विचारू नका. चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तेवढे दिवस तुम्ही भांडी घासायला घ्या.