लेटेकमध्ये (गणिताचा मजकूर छापायची संगणक-प्रणाली) लांब समीकरणाची बरोबरची चिन्हं एकाखाली एक कशी आणायची?

तुमचं समीकरण चार ओळींत जातं, बरोबरची चिन्हं जुळत नाहीत, मोठा कंस पुढच्या ओळीवर नेला की एरर येते, आणि गाईड म्हणतात, "राहू द्या, चालते." हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. चालत नाही.

मी नागपुरात, सीताबर्डीला प्रबंधांचं टायपिंग-सेटिंग करते, त्यातही गणिताचे जास्त. विदर्भात सापेक्षतावादावर, विश्वाच्या मॉडेलांवर पीएचडी करणारे बरेच, आणि त्यांची आइन्स्टाइनची क्षेत्र-समीकरणं म्हणजे पानभर पसारा. असाच एक प्रबंध ऐन मे महिन्यात आला, जमा करायची तारीख तोंडावर. बियांकी प्रकार-१ चं मॉडेल, म्हणजे विश्व तिन्ही दिशांना वेगवेगळ्या वेगाने पसरू शकतं असं धरणारं; ए, बी, सी ही त्या तीन दिशांची मापं. त्यातली तीन समीकरणं एकाच साच्याची असतात: ए, बी, सी यांपैकी दोघांच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची पदं, आणि त्याच दोघांच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या गुणाकाराचं पद. म्हणजे प्रत्येक समीकरणात डावीकडे एक अक्षर गैरहजर.

फाइल इक्यूएनअ‍ॅरेमध्ये, म्हणजे लेटेकच्या समीकरणं मांडायच्या जुन्या पद्धतीत होती, ओळी वाट्टेल तिथे तुटलेल्या. मी ती अलाइनॅट या दुसऱ्या मांडणीत घेतली आणि प्रत्येक पदाला आपापला रकाना दिला. पान कंपाइल झालं तशी नजर अडली. दुसऱ्या ओळीत बी यायलाच नको, आणि गुणाकाराच्या पदात बी बसलेला. गणित मी बारावीनंतर सोडलं, पण रकान्यात चुकीचं अक्षर दिसायला गणित लागत नाही. विद्यार्थ्याला फोन केला, त्याने वही काढून पाहिलं आणि दुरुस्त केलं. सगळ्यांच्या वाचनातून सुटलेली चूक होती ती. संध्याकाळी त्याच्या गाईडचा फोन आला: "मॅडम, तुम्ही टायपिंग करा नं जी. अलाइनमेंट म्हणजे सजावट, काहून येवढा वेळ लावून राहिले?" पैसे देतानाही तेच ऐकवलं. चूक सापडली याबद्दल एक शब्द नाही.

तर आता तुमचं. इक्यूएनअ‍ॅरे आजच काढून टाका. बरोबरच्या चिन्हाभोवती नको तेवढी जागा सोडतं आणि लांब ओळ असेल तर समीकरणाच्या क्रमांकावर चढतं. अ‍ॅमसमॅथ पॅकेज घ्या, अलाइन वापरा, प्रत्येक ओळीत = च्या आधी & लावा. ओळ अधिक-उणेच्या आधी तोडा, नंतर नाही, आणि ती ओळ = च्या उजवीकडे थोडी आत ढकला. सगळ्याला मिळून एकच क्रमांक हवा असेल तर इक्वेशनच्या आत स्प्लिट. कंसाची एरर येते कारण आपोआप मोठे होणाऱ्या कंसांची लेफ्ट-राइट ही जोडी \\ (ओळ तोडायची खूण) किंवा & ओलांडू शकत नाही. लेफ्ट-राइट सोडा, बिगएल-बिगआर घराण्यातले ठरावीक मापाचे कंस घ्या. त्यांना जोडीदार त्याच ओळीत लागत नाही. अलाइनच्या आत रिकामी ओळ सोडू नका, आणि शेवटच्या ओळीनंतर \\ नको, नाहीतर खाली फुकटचा क्रमांक येतो.

पदंही एकाखाली एक आणायची असतील तर अलाइनॅट. अलाइन रकान्यांच्या जोड्यांमध्ये स्वतःहून जागा घालतं, अलाइनॅट घालत नाही. पण हे समीकरणं खरोखर एका साच्याची असतील तरच करा; एरवी नुसतं = जुळलं की पुरे. आणि दोन रकान्यांच्या जर्नलला पाठवणार असाल तर ओळी त्यांच्या साच्यात पुन्हा तोडाव्या लागतील, तेव्हा आत्ता फार कोरत बसू नका.

गाईडना मात्र वाद घालून पटवायला जाऊ नका. तीच समीकरणं जुन्या आणि नव्या मांडणीत छापून त्यांच्या टेबलावर ठेवा आणि कुठलं पद कुठे गेलं ते बोटाने दाखवायला सांगा. माझ्याकडे तेव्हा दोन्ही प्रिंट होत्या. त्या गाईडनी पाहायलाच नकार दिला.