तूर गावातून जाते, डाळ दुकानातून येते

प्रश्न : ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या भागाचं अर्थकारण कसं सावरता येईल यावर विद्यार्थ्यांनी कल्पना मांडायच्या, अशी स्पर्धा आमच्या कॉलेजनं ठेवली आहे. आमच्या पाच जणांच्या गटात चार कल्पना निघाल्या : सूतगिरणी, टिपेश्वर अभयारण्याजवळ पर्यटकांसाठी घरगुती मुक्काम, शेतमाल थेट विकणारं मोबाइल ॲप आणि संत्र्याच्या रसाचा कारखाना. सर म्हणतात, काहीतरी मोठं आणा. बाबा म्हणतात, हे सगळं कागदावरच राहते. आम्ही यातली कोणती घ्यावी?
— एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, बाबांनी बरंच काही कागदावर राहिलेलं पाहिलं असेल, म्हणून ते तसं बोलतात. तरी तुम्ही पाच जण गावाचा विचार करायला बसलात, याचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बाया डाळ तयार करून विकतात आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. त्या वहीच्या भरवशावर सांगते.

संत्रं आधी बाजूला ठेवा. ते वरूड-मोर्शीकडचं पीक. तुमच्या गावच्या कारखान्यासाठी ते तिकडून आणायचं तर नफा गाडीभाड्यातच जाईल.

टिपेश्वरची कल्पना जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी चांगली आहे. स्वच्छ खोली, स्वच्छ संडास आणि चुलीवरची भाकर एवढं नीट दिलं तर पाहुणा परत येतो. पण पावसाळ्यात सफारी बंद असते, आणि जंगलापासून दूरच्या गावांना त्याचा काहीच लाभ नाही. ॲपचं म्हणाल तर त्यावर टाकणार काय? कच्चा कापूस, कच्ची तूर घेणारा शेवटी तोच व्यापारी, आणि खेडा खरेदीत तो दारात येऊन नगदी मोजतो.

सूतगिरणीचं वाचून मात्र मी थांबले. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. हिंगणघाट, पुलगावलाही गिरण्या होत्या आणि त्यांच्या पगारावर कितीतरी घरं चालली. पुढे सहकारी सूतगिरण्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच कर्जात जाऊन बंद पडल्या. आपला कापूस आजही गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो, हे तुम्हाला खुपलं ते योग्यच आहे. पण गिरणीला कोट्यवधींचं भांडवल लागतं, दिवसरात्र वीज लागते. पाच विद्यार्थ्यांच्या हातात ते नाही.

कापसातलंच हवं असेल तर पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या झाडाकडे पाहा. शेवटची वेचणी झाली की आपण ती उपटतो, थोडी सरपणाला आणतो, बाकीची धुऱ्यावर पेटवून देतो. नाहीतर फरदडीच्या, म्हणजे आणखी एका उशिराच्या पिकाच्या आशेनं तशीच उभी ठेवतो, आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. २०१७ साली या अळीनं यवतमाळ जिल्ह्याचं काय केलं ते बाबांना विचारा. पऱ्हाटीचा भुसा करून त्याच्या कांड्या पाडता येतात आणि बॉयलरला त्या जळण म्हणून चालतात. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं यावर बरंच काम केलं आहे आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरलाच आहे. पऱ्हाटीला थोडा जरी भाव आला तरी शेतकरी डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करेल. ही कल्पना मला आवडते, फक्त तिला यंत्र आणि वाहतूक दोन्ही लागतं.

मला स्वतःला विचारशील तर तूर घ्या. कापसाच्या दर काही ओळींमागे तुरीची ओळ तुमच्याकडेही असेलच. जानेवारीपासून ती पोत्यांत भरून बाजार समितीत जाते, तिथून अकोल्याच्या किंवा आणखी कुठल्या डालमिलमध्ये, आणि पोळ्याच्या आत तोच शेतकरी किराणा दुकानातून किलो-किलोनं डाळ आणतो. जाताना हमाली आणि मातेरं, म्हणजे कचऱ्यापोटीची घट, त्याच्या अंगावर पडतं. येताना डालमिलचा, ठोक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा तोच भरतो. पूर्वी आपल्या आज्या तूर भिजवून, वाळवून घरच्या जात्यावर भरडायच्या. जातं गेलं आणि त्याबरोबर हा पैसाही गावाबाहेर गेला.

आमच्याकडे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी दाल मिल आहे, ‘पीकेव्ही’ नावानं ओळखतात ती. काम असं चालतं : आधी चाळण्यावर खडे आणि काडीकचरा काढायचा, मोठा दाणा आणि बारीक दाणा वेगळा करायचा. मग यंत्रातून एक हात फिरवून सालीला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, ढीग झाकून मुरू द्यायचा. नंतर पाण्याचा हबका देऊन पुन्हा मुरवायचं आणि उन्हात वाळवायचं. ऊन कमी पडलं तर साल सुटत नाही आणि चुरीच जास्त निघते. आमच्या गटातल्या एक मावशी दाणा दाताखाली धरून बघतात आणि म्हणतात, “अजून एक ऊन पाहिजे.” त्यांनी हो म्हटल्याशिवाय यंत्राची कळ कोणी दाबत नाही. क्विंटलभर तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ हाती येते. चुरी आणि टरफल जनावरांना जातं, त्यालाही गिऱ्हाईक असतं. मोठ्या डालमिलच्या ‘फटका’ डाळीची चमक आमच्या डाळीला नाही. नागपूरची नवी गिऱ्हाइकं पहिल्यांदा तेच विचारतात. एकदा वरण शिजवलं की विचारत नाहीत.

यंत्र मिळणं त्यामानानं सोपं आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० मध्ये आली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. खरी अडचण तूर धरून ठेवण्याची. माल जानेवारी-फेब्रुवारीत एकदम येतो, डाळ मात्र वर्षभर थोडी थोडी खपते. वर्षाची तूर घ्यायला गटाकडे पैसा नसतो आणि शेतकऱ्याला थांबता येत नाही, कारण कृषी केंद्राची उधारी आणि सोसायटीचं कर्ज तेव्हाच उभं असतं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. तुमची समिती ही योजना राबवते का, गोदामात जागा असते का, पैसे किती दिवसांत हातात पडतात, गावातले लोक तिकडे का जात नाहीत, हे कोणीतरी जाऊन विचारायला पाहिजे. तुम्ही बी.कॉम.वाले आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कोण करेल?

तेव्हा सरांना नम्रपणे सांगा, की आम्ही एकाच गावाचा हिशेब आणतो. घराघरात बसून विचारा : यंदा तूर किती झाली, कधी विकली, काय भावानं, वर्षाला डाळ किती लागते, कुठून आणता. घरातल्या बाईला विचारा, पुरुषाला विकल्याचा भाव पाठ असतो आणि आणलेल्या डाळीचा तिला. कोरडवाहू घरं, मजुरांची घरं, पारधी बेड्यावरची घरं सुटू देऊ नका. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनाच डाळ सगळ्यात महाग पडते. मग त्या आकड्यांवर मांडा, की गावात एक मिनी मिल वर्षाला किती तूर भरडू शकेल, किती बायांना किती दिवस काम मिळेल आणि भांडवल किती अडकेल. तोटा दिसला तर तोटाच लिहा. परीक्षकांना तो आवडो न आवडो, उद्या यंत्र घेणाऱ्या गटाचं घर त्यानं वाचेल.

आणि गिऱ्हाईक आधी शोधा. तुमच्या कॉलेजच्या आसपास वसतिगृहं असतील, तिथल्या मेसमध्ये दोन वेळा वरण शिजतं. मेस चालवणाऱ्याला भेटून महिन्याला किती किलो डाळ लागते, काय भावानं येते आणि उधारी किती दिवसांची चालते, एवढं याच आठवड्यात विचारून घ्या. त्या भावात आपली डाळ बसते का हे मला कळवा. वही उघडून मी तुमच्याबरोबर हिशेबाला बसेन.