पोराच्या टेलिग्राम चॅनलवर पुस्तकांच्या पीडीएफ, आता घरी नोटीस

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब, मुलगा २३ वर्षांचा आहे, पुण्यात राहून एमपीएससी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने टेलिग्रामवर चॅनल काढलं, त्यावर गाईडं, क्लासच्या नोट्स आणि कुणी मागितल्या की कादंबऱ्यांच्यापण पीडीएफ टाकायचा, १४ हजार मेंबर झालेत. आता एका प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आलीय, फाइल्स काढा आणि ५ लाख भरपाई द्या. तो म्हणतो मी एक रुपया घेतला नाही, खाली 'फक्त अभ्यासासाठी' लिहिलंय, चॅनलचं नाव बदललं की विषय संपला. खरंच संपतो का? – एक आई, सोलापूर

उत्तर : नाही हो ताई, संपत नाही. आधी नाव बदलायचं बघू. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टासमोर अगदी असंच प्रकरण होतं, स्पर्धा परीक्षा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि लेक्चर्स चॅनलवर फिरत होती, एक बंद केलं की दुसरं उघडायचं. टेलिग्राम म्हणालं आमचा सर्व्हर सिंगापूरला आहे, तिथल्या कायद्याने युजरची माहिती देता येत नाही. कोर्टाने ते ऐकलं नाही, चॅनल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर आणि आयपी ॲड्रेस द्यायला लावले.

'पैसे घेतले नाहीत' हा मुद्दा थोडा कामाचा आहे, पण थोडाच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, शिक्षा किमान ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं लिहून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे असं स्पष्ट सांगितलंय. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो कोर्टाकडे मागावा लागतो. 'फक्त अभ्यासासाठी' या ओळीचं म्हणाल तर स्वतः अभ्यासाला चार पानं काढणं वेगळं आणि अख्खं पुस्तक १४ हजार लोकांना वाटणं वेगळं, ती ओळ लिहून काही वाचत नाही.

मला खरी काळजी वाटते ती त्याच्या एमपीएससीची. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये दाखल गुन्हे लिहावे लागतात, लपवले आणि नंतर सापडले तर निवड तिथेच अडकते. ज्या परीक्षेसाठी पीडीएफ गोळा केल्या तिच्याच दारात हे आडवं येईल, हे त्याला एकदा शांतपणे सांगा, ओरडू नका.

५ लाख हा आकडा ऐकून घाबरू नका, नोटिशीत आकडा फुगवलेला असतो, कोर्टात नुकसान दाखवावं लागतं. पण नुकसान नाहीच असंही समजू नका. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपली तरी प्रकाशक पेढे वाटतो. ४०० रुपयांचं पुस्तक, लेखकाला १० टक्के धरले तर प्रतीमागे ४० रुपये. १४ हजारांतले ५०० जण जरी विकत घेणारे होते असं धरलं तरी २ लाखांची विक्री गेली आणि लेखकाचे २० हजार गेले, दुसरी आवृत्ती निघता निघता राहिली. चॅनलवर कुठल्या क्लासची जाहिरात घेतली असेल तर त्या पैशांचाही हिशेब मागता येतो, तेव्हा त्याला आधी ते खरं खरं विचारा.

आता करायचं काय ते सांगतो. सगळं घाईघाईत डिलीट करू नका, पुरावा नष्ट केला असं दिसतं. काय काय होतं त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, मग त्या प्रकाशकाच्याच नाही तर इतरांच्याही सगळ्या फाइल्स काढा, आणि वकिलामार्फत लेखी उत्तर द्या की काढल्या, पुन्हा टाकणार नाही. कायद्यात 'माहीत नव्हतं' म्हणणाऱ्याला भरपाईत थोडी सूट आहे पण नोटीस हातात पडल्यापासून ती वाट बंद. बहुतेक प्रकाशकांना पोराला जेलमध्ये बघायचं नसतं, फाइल्स जायला हव्या असतात, बोलून थोडक्यात मिटतं. आणि एफआयआर झालीच तर समझोत्यानंतर ती रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचा मार्ग आहे, पण तो खर्चाचा.

प्रश्न : मग जुन्या लेखकांची पुस्तकं तरी टाकता येतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं झालं. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत नाही, कितीही जुने वाटले तरी. आणि मोकळ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत कुणाची प्रस्तावना, टिपा, चित्रं असतील तर त्यांचा हक्क वेगळा, म्हणून स्कॅन मारण्यापेक्षा मूळ मजकूर स्वतः टाइप करून टाका.